जुन्या यंत्रकरवत-प्रशिक्षण दाखल्यांच्या ग्राह्यतेविषयी निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बीदर
मा. जिल्हाधिकारी, कलबुर्गी
मा. उपवनसंरक्षक, बीदर व कलबुर्गी

विषय : साखळीची यंत्रकरवत चालविण्याचे पूर्वी मिळविलेले प्रशिक्षण-दाखले व्यावसायिक कामासाठी ग्राह्य धरण्याबाबत लेखी खुलासा व अनुषंगिक मागण्या.

महोदय,

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये कोणाही व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणार्थ संघराज्यात वा राज्यात प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन सादर करण्याचा हक्क आहे. त्या हक्कास अनुसरून औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण व आळंद या तालुक्यांतील आम्ही मराठी भाषक वृक्षकामगार, म्हणजे चेनसॉने झाडे तोडून, फांद्या छाटून आणि ओंडके पाडून ज्यांचे घर चालते असे लोक, ही दरखास्त मराठीत आपल्या कचेरीत रुजू करीत आहोत.

आमच्यापैकी पुष्कळांपाशी प्रशिक्षणाचे दाखले आहेत. कोणी ते सीमेपलीकडे उदगीर-लातूरकडे काम करीत असता मिळविले, कोणी यंत्र विकत घेताना भरलेल्या शिबिरात, तर कोणी एखाद्या सरकारी योजनेखाली. हे कागद पेटीत जपून ठेवलेले असले तरी घड्यांवर विरले आहेत, काहींवरील शिक्का पुसट झाला आहे. परंतु ज्याच्या नावाने ते दिले गेले तो मनुष्य आजही तीच करवत हाती घेऊन कामावर उभा आहे. अलीकडे मात्र छाटणीच्या वा तोडणीच्या कामाचा ठेका निघाला, की मुकादम अगर कंत्राटदार दाखला पाहतो आणि ‘हा जुना झाला, नवा आणा’ असे सांगून कागद परत करतो. कोठे पाच वर्षांची मर्यादा सांगितली जाते, कोठे दोन वर्षांची. कोठे दाखला महाराष्ट्रातला असल्याचे कारण पुढे येते. कोणत्या हुकुमान्वये, असे विचारले असता आजवर आम्हांस कोणीही लेखी कागद दाखविलेला नाही. नव्या प्रशिक्षणासाठी जाणे म्हणजे रोजगार बुडवून, भाडे खर्चून, परगावी राहून जे हातांना आधीच अवगत आहे तेच पुन्हा आरंभापासून शिकणे होय.

कर्नाटक वृक्षसंरक्षण अधिनियम, १९७६ अन्वये झाड पाडण्यासाठी वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते, ही बाब आम्ही जाणतो व पाळतो. ही परवानगी कोणते झाड, कोणाच्या जमिनीतले, कोणत्या कारणास्तव पाडावयाचे याविषयी असते. करवत धरणाऱ्या मजुराच्या दाखल्याचे वय त्या परवानगीत कोठेही विचारले जात नाही. असे असता ठेक्याच्या अटींत वा तोंडी सूचनांत ही मुदत कोठून शिरली, याचा खुलासा होणे अगत्याचे आहे.

सीमेपलीकडील दाखल्यांच्या संबंधात एका ऐतिहासिक हकीकतीकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. ता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, तेव्हा बीदर जिल्ह्याचेच अंग असलेले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे गेले आणि औराद-भालकी म्हैसूर राज्यात आले. भाऊ भावापासून कागदोपत्री वेगळा झाला, पण सोयरीक, बाजार व मजुरी यांचे येणेजाणे तसेच राहिले. त्या वेळी संसदेने राज्य पुनर्रचना अधिनियमाच्या कलम ११९ ने अशी तजवीज करून ठेवली, की सक्षम विधिमंडळाने बदल करीपर्यंत पूर्वीचे कायदे त्या त्या मुलखात पूर्ववत चालू राहावेत. राज्ये बदलली म्हणून एका रात्रीत सारे पूर्वीचे रद्द होऊ नये, ही जी विवेकबुद्धी एवढ्या मोठ्या उलथापालथीत शासनाने दाखविली, तिचाच लाभ अर्ध्या तासाच्या वाटेवरून आणलेल्या मजुराच्या दाखल्याला मिळावा, एवढीच आमची प्रार्थना आहे.

आता कामाविषयी. झाड पाडताना ज्या दिशेस ते पडावयाचे त्या बाजूस प्रथम खाच घ्यावी लागते, आणि मग मागून, त्या खाचेच्या तळापेक्षा किंचित वर, काप द्यावा लागतो. मात्र हे दोन काप एकमेकांस भिडता कामा नयेत. मध्ये न कापलेल्या लाकडाची जी बिजागरी राखली जाते, तीच झाडाला धरून हळूहळू वाकू देते. दोन फूट जाडीच्या बुंध्यात ती सुमारे अडीच इंच राखावी लागते, सरळ राखावी लागते, आणि चिंचेचे लाकूड, बाभळीचे लाकूड व पोखरलेला लिंब यांत तिचा अंदाज निरनिराळा येतो. हा अंदाज चार दिवसांच्या वर्गात मिळत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, वाऱ्याने रस्त्याकाठचे झाड विजेच्या तारांवर कलंडते, ताणलेल्या फांदीत एखाद्या माणसाला फेकून देण्याइतका जोर साठलेला असतो. अशा रात्री ज्यांच्या दारावर थाप पडते, ते बहुतेक हेच जुन्या दाखल्याचे लोक असतात. त्यांना रात्री बोलवावयाचे आणि सकाळी निविदेच्या वेळी अपात्र ठरवावयाचे, हे न्यायाला धरून नाही.

तथापि एक गोष्ट आम्ही स्वतःहून मान्य करतो, कारण आमच्यातील काहींच्या अंगावर तिच्या खुणा आहेत. करवतीच्या बारचे टोक, विशेषतः त्याचा वरचा भाग, दुसऱ्या लाकडाला लागला, की यंत्र क्षणार्धात चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. तो आघात अडविण्यासाठी पुढच्या ढालीला जोडलेला साखळीचा ब्रेक असतो. परंतु जुन्या यंत्रावर हात बसलेला मनुष्य पुष्कळदा तो तपासतच नाही, आणि साखळी कानशीने घासताना दात्यांपुढील उंचवटा गरजेपेक्षा अधिक उतरवितो, ज्याने उसळी आणखी वाढते. म्हणून उजळणीला आमचा विरोध नाही. ती अवश्य व्हावी. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कामाच्या साधनांविषयीच्या नियमांनी करवत चालविणाऱ्यास पुरेसे प्रशिक्षण देणे मालकावर बंधनकारक केले आहे; तेथे एकदा मिळविलेले प्रावीण्याचे प्रमाणपत्र वर्षे लोटल्याने रद्द होत नाही, मात्र ठराविक काळाने उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे असे मार्गदर्शन आहे. आम्हांस हीच वाट रास्त वाटते.

यास्तव आमची प्रथम व मुख्य मागणी अशी, की दोन्ही जिल्ह्यांसाठी एक लेखी परिपत्रक, कानडीत व मराठीत, निघावे आणि त्यात स्पष्ट म्हटलेले असावे, की पूर्वी मिळालेला दाखला, तो कर्नाटकातील असो, महाराष्ट्रातील असो वा तेलंगणातील, केवळ तारखेच्या अगर स्थळाच्या कारणाने अग्राह्य धरला जाणार नाही. ज्यांचा दाखला पाच वर्षांपेक्षा जुना आहे त्यांच्यासाठी एका दिवसाची उजळणी तालुक्याच्या ठिकाणीच व्हावी, पावसाळ्याच्या आरंभापूर्वी व्हावी, समजावणी मराठीत व कानडीत व्हावी, आणि तिचा खर्च मजुराच्या खिशातून न घेता कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाच्या निधीतून करण्याची शिफारस आपण करावी. उजळणीनंतर नवा दाखला न देता जुन्याच कागदावर शेरा मारून शिक्का दिला तरी आमची हरकत नाही.

ज्यांचा कागद पुरात गेला, वाळवीने खाल्ला, किंवा ज्यांनी काका-मामांच्या हाताखाली काम शिकून दाखला असा कधी घेतलाच नाही, त्यांची प्रत्यक्ष झाडाजवळ परीक्षा घेण्यात यावी. अक्षरओळख नसलेल्यास लेखी प्रश्नपत्रिका देऊन नापास करू नये. कोणाच्या हातून निष्काळजीपणे इजा झाली असेल, तर त्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याचा दाखला काढून घेण्याचा अधिकार कचेरीस खुशाल असावा.

शेवटची मागणी साधनांची आहे. शिरस्त्राण, डोळ्यांवरील जाळी, कानांचे आच्छादन आणि मांड्यांवर कापरोधक वस्त्र यांवाचून करवत चालविण्यास कोणासही लावू नये, व ही साधने पुरविण्याची अट ठेक्याच्या करारातच घालावी. दाखल्याची तारीख काटेकोरपणे तपासणारा कंत्राटदार मजुराच्या पायांत चप्पल पाहूनही काम सुरू करून देतो, हे आम्ही नित्य पाहतो, आणि आपणही एकदा कामाच्या जागी येऊन पाहावे.

या निवेदनावर झालेला निर्णय, तो काहीही असो, आम्हांस मराठीत लेखी कळवावा, आणि तो होईपर्यंत चालू ठेक्यांवरून जुन्या दाखल्याच्या कारणाने कोणासही कमी करू नये, असा अंतरिम आदेश व्हावा, ही विनंती.

आपले विनीत,
बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी भाषक वृक्षकामगार
(सह्या व अंगठ्यांचे ठसे सोबत जोडले आहेत.)