तीन अक्षरांचा भाव

परवा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मी जरा निवांत बसले होते. एवढ्यात आमच्या कॉलनीतली एक मुलगी मोबाइल पुढे करतच आत आली. ती घरून लहान मुलांचे कपडे विकते आणि आता पहिल्यांदाच परदेशातून माल मागवायच्या विचारात आहे. म्हणाली, ''मावशी, चीनच्या फॅक्टरीने चार भाव पाठवलेत. जॅकेट तेच, नग तेवढेच. मग भाव चार कसे?''

मी चष्मा लावला. फॅक्टरी निंगबो बंदराजवळची, चारशे नग. एक्स वर्क्स ५.१० डॉलर. एफओबी निंगबो ५.५०. सीआयएफ न्हावाशेवा ५.५५. आणि डीडीपी नाशिक, म्हणजे ड्युटीसकट थेट घरापर्यंत, ६.४०. ''मला डीडीपी बरं वाटतंय,'' ती म्हणाली. ''कस्टम नको, एजंट नको. दारात खोकी येऊन पडणार. नव्वद सेंट जास्त गेले तर गेले.''

मैत्रिणींनो, मोहात मीही पडले असते. पण तिला कॅल्क्युलेटर दिला आणि म्हटलं, बेरीज करून बघ.

आपण लुधियानाहून स्वेटर मागवतो तेव्हा बिल्टीवर 'पेड' लिहिलंय की 'टू पे' एवढं बघितलं की भागतं. भाडं त्यांनी भरलंय की आपण भरायचंय, इतकाच प्रश्न. समुद्रापलीकडून माल येतो तेव्हा प्रश्न वाढतात. फॅक्टरीतून बंदरापर्यंत कोण आणणार, तिकडच्या कस्टमची कागदपत्रं कोण करणार, बोटीचं भाडं कुणाचं, विमा कुणाचा, इकडची ड्युटी कुणाची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाटेत माल भिजला, जळला, बुडाला तर रडायचं कुणी? हे सगळं दर वेळी लिहीत बसायला नको म्हणून पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने १९३६ साली ठरावीक शब्द ठरवून दिले. त्यांना इन्कोटर्म्स म्हणतात. मधूनमधून त्यात सुधारणा होतात. २०२० च्या आवृत्तीत असे अकरा शब्द आहेत, प्रत्येकाला तीन अक्षरं. भावाच्या पुढे ही जी तीन अक्षरं येतात, त्यांच्यामुळे एकाच जॅकेटचे चार भाव होतात.

आता तिची बेरीज. तयार कपड्यांवरची मूळ आयात ड्युटी २०१८ मध्ये १० टक्क्यांवरून २० टक्के झाली. काही कपड्यांवर नगामागे रक्कम ठरलेली असते आणि दोन्हींपैकी जास्त असेल ती लागते; ते सोडून देऊ, वीसच धरू. त्या ड्युटीवर दहा टक्के अधिभार, म्हणजे झाले बावीस. ही ड्युटी नुसत्या मालावर लागत नाही. माल, बोटीचं भाडं आणि विमा यांच्या बेरजेवर लागते. मग ५.५५ वर बावीस टक्के म्हणजे १.२२ डॉलर. त्या सगळ्यावर पाच टक्के आयजीएसटी, म्हणजे आणखी ३४ सेंट. एकूण कर १.५६. न्हावाशेव्याला पोचलेलं ५.५५ चं जॅकेट नुसता कर भरला तरी ७.११ ला पडतं. वर न्हावाशेवा ते नाशिक टेंपो वेगळाच.

मग हा गृहस्थ ६.४० मध्ये घरपोच कसा देतो?

ती पोरगी कॅल्क्युलेटरकडे बघत राहिली. म्हणाली, ''म्हणजे तो ड्युटी भरतच नसेल?'' तो काय करतो ते मला माहीत नाही. पण तोटा सोसून कुणी जॅकेट विकत नाही. अशा भावाच्या मागे बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: किंमत तरी कमी दाखवायची, नाहीतर मालाचं नाव तरी दुसरंच लिहायचं, आणि खोकी तिसऱ्याच कुणाच्या नावावर सोडवायची. परदेशी फॅक्टरी आपल्याकडे आयातदार म्हणून सहजासहजी उभी राहू शकत नाही. बिल ऑफ एंट्री भरायला इथला आयईसी नंबर लागतो. तो असतो कुणा अनोळखी फर्मचा.

आणि ही फर्म बऱ्याचदा कुणाची असते सांगू? एखाद्या घरातल्या बाईची. तिच्या पॅनकार्डावर आयईसी काढलेला असतो. फी अवघी पाचशे रुपये, अर्ज ऑनलाइन. कुणी ओळखीचा सांगतो, ''वहिनी, तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सह्या. कंटेनरमागे तुम्हाला एवढे एवढे मिळतील.'' कोऱ्या लेटरहेडवर सह्या होतात. पुढे कस्टमची नोटीस येते ती वहिनींच्या नावाने. माझ्या ओळखीतल्या एकीला अशी नोटीस आली तेव्हा आपल्या नावावर नक्की काय माल आला होता, हेही तिला सांगता येईना. स्वस्त डीडीपीच्या एका टोकाला माझ्याकडे आलेली ही मुलगी असते आणि दुसऱ्या टोकाला ती वहिनी. दोघींच्याही हातात कागद नसतो.

घेणारीचं नुकसान काय? तिच्या नावाची बिल ऑफ एंट्री नाही, म्हणून भरलेल्या आयजीएसटीची वजावट नाही. उद्या कुणी विचारलं की हा परदेशी माल कुठून आला, तर दाखवायला व्हॉट्सअॅपवरचे मेसेज. माल जप्त झाला तर तक्रार तरी कुणाकडे करायची?

तिचं पुढचं म्हणणं साहजिक होतं. ''मग सीआयएफ घेते. भाडं, विमा सगळं त्यांचंच. फक्त पाच सेंट जास्त.'' इथे मात्र मला माझी गोष्ट सांगावी लागली.

२०१९ च्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा जॅकेटं मागवली. नाशिकची थंडी धरायची तर माल सप्टेंबरात हातात हवा. भाव सीआयएफ न्हावाशेवा. 'हे' म्हणाले, घे, सोपं आहे. मलाही तसंच वाटलं. भाडं इतकं कमी होतं की मी मनात हिशेबही केला नाही. तो करायला हवा होता. या मुलीच्याच भावात बघा ना, पाच सेंट गुणिले चारशे नग म्हणजे वीस डॉलर. वीस डॉलरमध्ये निंगबोहून न्हावाशेव्यापर्यंत बोटीचं भाडंही आणि विमाही! आमच्याकडे द्वारकेहून मेन रोडपर्यंत खोकी आणायला टेंपोवाला जे मागतो, त्याच्या आसपासचा हा आकडा.

ही रक्कम सुटत नाही, ती दुसऱ्या दाराने येते. पूर्ण कंटेनर भरत नसेल तर आपला माल इतरांच्या मालाबरोबर एका कंटेनरमध्ये येतो. सीआयएफमध्ये बोट, फॉरवर्डर सगळं विकणाऱ्याने निवडलेलं. त्या फॉरवर्डरचा इथला एजंट डिलिव्हरी ऑर्डर देतो, आणि ती मिळाल्याशिवाय माल हलत नाही. मग त्याचं बिल येतं: डीओ चार्ज, कंटेनर रिकामा करायचा चार्ज, हाताळणी, कागदपत्रं, आणखी काय काय. आकारणी घनमीटरवर. वजनावर नाही म्हणून मी खूश झाले असेन, पण जॅकेटं म्हणजे निम्मी हवा! हलकी, पण जागा खाणारी. माझं बिल ४१ हजारांचं आलं. तिकडे भाड्यात वाचलेले जेमतेम काही हजार. घासाघीस करायला जागाच नव्हती, कारण या माणसाशी माझा सौदा झालाच नव्हता. मी भांडत बसले त्या दिवसांचं गोदामभाडं वेगळं लागलं.

माल सुटला तर चार खोकी भिजलेली, आतल्या जॅकेटांना बुरशी. मी म्हटलं, काळजी नाही, सीआयएफमधला 'आय' विम्याचाच आहे की. विमा होता, अगदी नियमाप्रमाणे होता. पण सीआयएफमध्ये विकणाऱ्याला सगळ्यात कमी दर्जाचा विमा उतरवला तरी चालतो. त्याला 'क्लॉज सी' म्हणतात. आग, जहाज बुडणं, टक्कर असल्या मोठ्या आपत्ती त्यात येतात. पावसात भिजणं येत नाही, चोरी येत नाही. कपड्यांचं नुकसान बहुधा यांनीच होतं. सगळ्या प्रकारचे धोके धरणारा 'क्लॉज ए' मागून घ्यावा लागतो, आणि मला मागायचं माहीत नव्हतं.

सीआयएफमधली आणखी एक मेख फार बायकांना, आणि पुरुषांनाही, ठाऊक नसते. विकणारा न्हावाशेव्यापर्यंतचं भाडं भरतो म्हणून न्हावाशेव्यापर्यंत माल त्याचा जबाबदारीचा, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. तिकडच्या बंदरात माल बोटीवर चढला की धोका आपला. एफओबीत तसंच, सीआयएफमध्येही तसंच. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' कंटेनरसकट बुडालं. दोनच आठवड्यांनी, जूनमध्ये, कोलंबोहून आपल्या न्हावाशेव्याकडेच निघालेल्या 'वान हाय ५०३' ला केरळच्या समुद्रात आग लागली. बातमी टीव्हीवर बघताना मला आधी त्या बेपत्ता खलाशांचं वाटलं, आणि मग त्या कंटेनरांतल्या लहान लहान दुकानदारांचं. ज्यांनी एफओबीत घेऊन विमा उतरवलाच नसेल, त्यांनी फॅक्टरीला फोन करून काय उपयोग होता?

मग काय निवडायचं? माझं मत स्पष्ट आहे. माल आपल्या नावावर यावा आणि बोट आपण ठरवावी. बोट ठरवायची म्हणजे आपला फॉरवर्डर आपण शोधायचा, इथल्या खर्चासकट लेखी भाव आधी घ्यायचा. दोन-तीन जणांकडून घ्यायचा, साडीचा भाव तीन दुकानांत विचारतोच की आपण. त्यासाठी एफओबी चालतं. पण कंटेनरने येणाऱ्या मालाला एफसीए जास्त योग्य. एफओबीत बोटीवर चढेपर्यंत माल विकणाऱ्याचा, पण कंटेनरचा माल त्याआधी काही दिवस गोदामात दुसऱ्यांच्या ताब्यात असतो. तेवढ्यात खोकं फुटलं तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. एफसीएमध्ये आपल्या फॉरवर्डरच्या ठरलेल्या गोदामात माल दिला, तिकडची निर्यातीची कागदपत्रं विकणाऱ्याने केली, की त्याचं काम संपलं आणि आपलं सुरू झालं. रेघ स्वच्छ.

एक्स वर्क्स मात्र नको. येवल्याला विणकराच्या दारात जाऊन पैठणी घेतली तर स्वस्त पडते, तसाच हा भाव. पण येवल्याहून आपण एसटीने परत येतो. इथे चीनच्या कस्टममधली निर्यातीची कागदपत्रंही घेणारीच्या गळ्यात. ती नाशिकमध्ये बसून कशी करणार? फॅक्टरीतून माल उचलण्याचा खर्चही एका ठोक आकड्यात येतो. शिवाय बोटीच्या भाड्याचा नीट पुरावा देता आला नाही, तर आपलं कस्टम एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं धरून त्यावर ड्युटी लावतं. तिच्या २,२०० डॉलरच्या मालावर ४४० डॉलर भाडं धरलं जाईल, मग खरं भाडं दीडशे असलं तरी.

अक्षरांपुढचं गावाचं नाव तितकंच महत्त्वाचं. 'एफओबी चायना' असं कुणी लिहून पाठवलं तर परत पाठवा. बंदर किंवा गोदाम, आणि 'इन्कोटर्म्स २०२०' हे शब्द, दोन्ही हवेत. ढाक्याहून टीशर्ट मागवणाऱ्यांना हा धडा मे २०२५ मध्ये मिळाला. बांगलादेशातले तयार कपडे जमिनीच्या मार्गाने बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता या बंदरांतूनच आणायचे, असा आदेश आपल्या सरकारने काढला. ज्यांच्या कागदावर बेनापोलच्या सीमेवर माल ताब्यात घ्यायचं लिहिलं असेल, त्यांना ट्रक तिथेच उभा बघावा लागला असणार.

ही तीन अक्षरं मालाच्या दर्जाबद्दल मात्र चकार शब्द काढत नाहीत. शिवण उसवलेली निघाली, माप चुकलं, तर त्याची अट करारात वेगळी लिहायची. आणि तपासणी माल बोटीवर चढायच्या आधी. उरलेले सत्तर टक्के पैसे पाठवायच्याही आधी.

एवढं ऐकून ती मुलगी जरा हिरमुसली. ''मावशी, हे सगळं मला जमेल का? भाऊ म्हणतोय तो बघेल.'' मी म्हटलं, भावाला गोदामात पाठव, खोकी उचलायला. आयईसी तुझ्या नावाचा, सही तुझी, तर कागदही तूच वाच. सीएचएला शंका विचारायची लाज कसली? मी तर पहिल्या वेळी बिल ऑफ एंट्रीच्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं. माणूस वैतागला, पण सांगितलं त्याने.

तिथेच बसून तिने फॅक्टरीला मेसेज टाकला: एफसीए निंगबो, आमच्या फॉरवर्डरच्या गोदामात, इन्कोटर्म्स २०२०, भाव कळवा. चहा होईपर्यंत उत्तर आलं. ५.४०. सोबत एक ओळ, की डीडीपीच जास्त सोयीचं पडेल, अजून दहा सेंट कमी करतो.

तिने फोन माझ्याकडे वळवला. दोघी हसलो. मग तिने कागदावर लिहायला घेतलं: ५.४०, खाली भाडं, खाली 'क्लॉज ए' चा विमा, खाली ड्युटी. भाड्याची जागा रिकामी होती. फॉरवर्डरचे फोन उद्या सकाळी करायचेत.