शेजारच्या खुर्चीतला प्रेक्षक

14 फेब्रुवारी 2025 या एकाच दिवशी दोन देशभक्त महानायक पडद्यावर आले: 'छावा'तले संभाजीमहाराज आणि 'कॅप्टन अमेरिका : ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधला सॅम विल्सन. 'छावा'चा गल्ला 800 कोटी रुपयांच्या घरात गेला, पण त्यातला सिंहाचा वाटा देशातलाच. कॅप्टनच्या चित्रपटाला समीक्षकांनी फारसं डोक्यावर घेतलं नाही. तरी त्याने 40 कोटी डॉलरांचा टप्पा ओलांडला, आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक अमेरिकेबाहेरून आले. दुसऱ्या देशाचा झेंडा अंगावर चढवलेला नायक पाहायला परका माणूस पदरचे पैसे का मोडतो, याचा विचार महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाने तरी करायलाच हवा.

सॅमच्या आधीचा, मूळ कॅप्टन जन्मला तोच प्रचारासाठी. मार्च 1941च्या पहिल्या कॉमिक अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या तोंडावर ठोसा लगावतो आहे. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती. 2011मध्ये त्याचा चित्रपट आला, तेव्हा रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरियात नावातली 'अमेरिका' गाळून तो नुसता 'द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर' म्हणून लागला. निर्मात्यांच्याही मनात धाकधूक होतीच. 2014च्या दुसऱ्या भागात मात्र हा शिपाईगडी आपल्याच सुरक्षा यंत्रणेवर उलटतो, कारण गुन्हा घडण्याआधीच संशयितांना आकाशातून टिपण्याची तिची योजना त्याला मान्य नाही. या भागाची अमेरिकेतली कमाई पहिल्याच्या दीडपट झाली, बाहेरची दुपटीहून अधिक. मधल्या काळात 'अ‍ॅव्हेंजर्स'ने नायकाला घरोघर पोचवलं होतं, तेव्हा एवढ्या आकड्यांवर सिद्धान्त उभा राहत नाही. पण दिशा कळते. देशप्रेम जिथे स्वतःच्याच पक्षाला जाब विचारतं, तिथे परक्यालाही आपला प्रश्न दिसू लागतो.

यावर कोणी म्हणेल, हा सगळा हॉलिवूडच्या पैशाचा आणि वितरणाच्या जाळ्याचा प्रताप आहे. पैसा चीनकडेही आहे. 2017च्या 'वुल्फ वॉरियर 2'ने 80 कोटी डॉलरांहून अधिक कमावले, पण जवळजवळ सगळे चीनमध्येच. त्यातला वीर परदेशी भाडोत्री सैनिकांना लोळवतो, मात्र आपण कोणाच्या बाजूने आहोत हा पेच त्याला पडतच नाही. त्याच वर्षी त्याच चीनने 'दंगल' उचलून धरला. त्यात आपलं राष्ट्रगीत वाजतं, तिरंगा चढतो. तरी खरी कुस्ती बाप आणि मुलीची, मुलगी आणि गावाची आहे. मग देशीपणा धुऊन काढल्याखेरीज चित्रपट बाहेर चालत नाही, हा आक्षेपही टिकत नाही. 'आरआरआर'मध्ये पोलिसाच्या गणवेशातला राम आपल्याच मित्रावर, भीमावर, चाबूक ओढतो. ब्रिटिश राज्याशी जपानी प्रेक्षकाचा काय संबंध? पण त्या चाबकाचा वळ कोणाच्या पाठीवर उठतो आणि कोणाच्या मनावर, हे त्याला बरोबर कळलं. जपानमध्ये सर्वाधिक कमाई करणारा भारतीय चित्रपट हा मान 'मुथू'कडून 'आरआरआर'कडे गेला.

या वाटेचा पहिला वाटसरू आपल्याच गावात, बडोद्यात, शिकून गेला. सयाजीराव महाराजांच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1910च्या सुमारास मुंबईत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि परक्यांच्या त्या देवाने त्यांना राम-कृष्ण पडद्यावर आणण्याचा ध्यास लावला. स्वदेशीचा अभिमान त्यांनी कधी लपवला नाही. 1914मध्ये ते आपले चित्रपट घेऊन थेट लंडनला गेले. 1919च्या 'कालिया मर्दन'ची सुरुवात पाहावी. आधी दिसते त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी, चेहऱ्यावर एकेक भाव आणणारी. मग त्याच चेहऱ्यातून बाळकृष्ण साकार होतो. ज्याला कृष्ण ठाऊक नाही, त्यालाही आधी मूल भेटतं आणि मगच देव.

आपण नेमकं इथेच कचरतो. 'छावा'त लेझीम खेळणारे महाराज दिसताच निषेध झाला आणि ते दृश्य प्रदर्शनाआधीच वगळलं गेलं. संभाजीराजे 1678मध्ये मोगल सरदार दिलेरखानाच्या गोटात गेले आणि पुढे परत आले. कुठल्याही देशातल्या प्रेक्षकाला खिळवून ठेवील असं हे नाट्य, पण त्याला हात घालायचा म्हटला की आपला धीर सुटतो. मोठेपणाला डाग लागेल ही भीती समजू शकते. परंतु पेचातून पार पडलेला माणूस लहान होत नाही, त्याची उंचीच कळते. आणखी एक आक्षेप उरतो: आपला इतिहास आपल्यासाठी, परक्याची पावती हवीच कशाला? पावती नको, हे मान्य. पण बडोद्यात परका प्रेक्षक शोधायला सातासमुद्रापार जावं लागत नाही, तो शेजारच्या खुर्चीत बसतो. 1664 आणि 1670 या सुरतेच्या लुटीच्या सालांनी आपली छाती फुगते. सुरतेच्या व्यापाऱ्याच्या वंशजाला तीच सालं वेगळी आठवतात. बंगालच्या अंगाईगीतांत तर 'बर्गी', म्हणजे मराठा स्वार, हा पोरांना घालायचा धाक आहे. या शेजाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली पटकथा आपल्या नायकाला अधिक अवघड प्रश्न विचारील, आणि त्यांची उत्तरं देणारा नायकच सीमा ओलांडील. ही अपेक्षा केवळ चित्रपटवाल्यांकडून नाही. मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाकडून, म्हणून या दिवाळी अंकाकडूनही आहे.

— संपादक