चीनचें धोरण आणि मावळचा कामकरी

परराष्ट्रधोरण हा दिल्लीच्या शहाण्यासुरत्या लोकांचा विषय, कुणब्यानें व लोहार-सुतारानें त्यांत डोकें घालूं नये, असें आम्हांस वारंवार ऐकविण्यांत येतें. आमचें म्हणणें उलट आहे. बीजिंगांत कागद हलला कीं तळेगांव-चाकणच्या चुलीला तो कळतो. मग चूल पेटविणारानें त्याचा विचार कां करूं नये?

तळेगांवचीच हकीकत घ्या. तेथें जनरल मोटर्सचा कारखाना २००८ सालीं सुरू झाला. कंपनीनें २०१७ अखेर हिंदुस्थानांत मोटारी विकणें बंद केलें व जानेवारी २०२० मध्यें कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर कंपनीस विकण्याचें जाहीर केलें. १५ जून २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें तीन चिनी कंपन्यांशीं सुमारें ५,००० कोटी रुपयांचे करारमदार केले. त्याच रात्रीं लडाखांत गलवानच्या खोऱ्यांत चिनी फौजेशीं झालेल्या झटापटींत आपले २० जवान पडले. करार कपाटांत गेले. शेजारच्या देशांतील भांडवल परवानगीवांचून येऊं नये, असा नियम दिल्लीनें एप्रिलांतच केला होता; ती परवानगी आली नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें कारखान्याचें काम थांबलें आणि हजाराहून अधिक कामगारांवर बेकारी आली. जून २०२२ अखेर सौद्याची मुदत संपली. २०२३ मध्यें कोरियाच्या ह्युंदाईनें कारखाना घेण्याचा करार केला. त्या वेळीं जमीन, इमारती व यंत्रें यांचा उच्चार झाला. यंत्रांवर हात चालविणारांचा झाला काय, हें वाचकांनींच तपासून पाहावें.

सरकारनें चिनी भांडवल अडविलें हें चुकलें, असें आम्ही म्हणत नाहीं. फौजेंत भरती होणारीं पोरें कोणाच्या घरचीं असतात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. पण एका घरचा थोरला सरहद्दीवर उभा राहतो व धाकट्याच्या हातची नोकरी जाते, तेव्हां या धोरणाची सगळी किंमत त्या एकाच घरानें कां मोजावी? अडविणें योग्य असेल तर अडविणारानें कामगाराच्या पगाराची तजवीजही त्याच कागदावर लिहावयास हवी होती.

आतां चीनकडे पाहूं. १९५४ सालीं त्यानें आपल्याशीं पंचशीलाचा करार केला आणि आठ वर्षांनीं लढाई केली. रशियाला वडील बंधु म्हणणाऱ्या त्याच चीननें १९७२ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षाला आपल्या घरीं पाहुणा म्हणून बोलाविलें. लोक यास लबाडी म्हणतात. आम्हांस त्यांत एक खतावणी दिसते. ज्या वेळीं घरांत जें कमी, त्या वेळीं तें ज्याच्याकडे असेल त्याच्याशीं गोड. १९७८ नंतर त्यास भांडवल व कसब हवें होतें, म्हणून तो नमून वागला. मात्र मोटारींच्या धंद्यांत परकी कंपनीस निम्म्याहून अधिक मालकी द्यावयाची नाहीं, हा दंडक त्यानें अनेक वर्षें सोडला नाहीं. परक्याच्या शेजारीं बसून त्याचा कारागीर शिकला. २००१ सालीं तो जागतिक व्यापार संघटनेंत शिरला, २०१३ पासून इतर देशांत रस्ते-बंदरें बांधूं लागला, आणि आतां कोणास माल द्यावा व कोणास अडवावा, हें तो स्वतः ठरवितो.

तें कसें, हें आकुर्डी-चाकणनें पाहिलेंच. एप्रिल २०२५ मध्यें चीननें सात दुर्मिळ धातूंच्या व त्यांच्या लोहचुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. भांडण मुख्यतः अमेरिकेशीं. पण विजेच्या दुचाकीची मोटार त्याच चुंबकावर फिरते. ऑगस्टांत एकही विजेची गाडी निघणार नाहीं, अशी भीति जुलैमध्यें बजाजच्या प्रमुखांनीं उघड बोलून दाखविली. पुढें काम सावरलें हें खरें; पण परवान्याची कळ आजही बीजिंगच्या हातीं आहे.

आणि गंमत अशी कीं, तो धातु आपल्या केरळ-ओरिसाच्या किनाऱ्यावरील वाळूंत आहे. तो काढणारी सरकारी कंपनी १९५० सालची. पाऊणशें वर्षांत वाळू उपसली, पण चुंबक करण्याचें कसब मात्र चीननें नेलें. चिनी मालावर बहिष्काराच्या आरोळ्या ठोकणारांस आम्ही विचारतों कीं, इतकीं वर्षें आपण काय करीत होतां?

नोव्हेंबर २०२५ मध्यें दिल्लीनें असे चुंबक देशांत करण्यासाठीं ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. ती चांगली आहे. पण हा पैसा चार बड्या पेढ्यांच्या तिजोरींत जिरावयाचा असेल तर आमचा तिला पाठिंबा नाहीं. भोसरीच्या लहान कारखानदारास त्यांत वाटा मिळावा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हें कसब शिकवावें, आणि पहिल्या जागा तळेगांवच्या ज्या कामगारांची रोजी दोन सरकारांच्या भांडणांत गेली त्यांना द्याव्या. हा अर्ज आम्ही जिल्ह्याच्या खासदार-आमदारांपुढें ठेवीत आहों. त्यांचें उत्तर आलें म्हणजे छापूं.