मुक्काम म्हणजे निष्ठा नव्हे
मा. संपादक,
आयफोनचे ग्राहक केवळ दर्जामुळे टिकतात, हे आपल्या लेखातले मत एकांगी आहे. ॲपलने आयमेसेज ही आपली संदेशसेवा अँड्रॉइडवर आणली नाही. तसे केल्यास आयफोनवाली कुटुंबे मुलांना अँड्रॉइड फोन घेऊन देतील, ही धास्ती कंपनीच्याच अधिकाऱ्याने ईमेलमध्ये लिहिली होती. एपिक गेम्स कंपनीच्या ॲपलविरुद्धच्या खटल्यात ती उघड झाली. सोडून जाणे अवघड करून ठेवले असेल, तर त्या मुक्कामाला निष्ठा कसे म्हणायचे? अँड्रॉइडला अपडेट फार काळ मिळत नाहीत, हा आक्षेपही सरसकट टिकत नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ मालिकेसाठी सात वर्षांची हमी दिली. भारतात व्हॉट्सॲप दोन्हीकडे चालते, त्यामुळे इथे आयमेसेजची ही पकड सैल आहे. अमेरिकी ग्राहकाची निष्ठा आपल्याला लावण्यापूर्वी लेखकाने हा फरक मांडायला हवा होता.
— एक वाचक, नाशिक