शंभर ग्रॅमची फसगत

हिवाळ्यात जळगाव-धुळ्याच्या बाजारात भरताची हिरवी वांगी आणि मेथीच्या जुड्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. आपल्यासमोर बसलेला रुग्ण मग विचारतो, यातले पौष्टिक काय? आपण तक्ता काढतो आणि मेथीच्या बाजूने निकाल देतो. निकाल बरोबर असतो, पण अर्धाच.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या मेथीच्या पानांत सुमारे ५.७ मिलिग्रॅम लोह आणि २७० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. वांग्यात लोह अर्धा मिलिग्रॅमही नाही आणि कॅल्शियम वीसच्या आत. पण ताटात दोन्ही भाज्या शंभर-शंभर ग्रॅम पडत नाहीत. भरिताच्या बेतात माणूस पाव किलो वांगे सहज संपवतो, तर मेथी शिजून आक्रसते आणि वाटीभर भाजीत निवडलेली पाने ७५ ग्रॅम धरली तरी पुष्कळ. या मापाने हिशेब केला तर मेथीचे लोह चार मिलिग्रॅमच्या वर जाते आणि वांग्याचे एकाच्या आसपास थांबते. स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे लोहात मेथी जिंकतेच. तंतुमय घटकांत मात्र चित्र उलटते: तक्त्यात मेथी वरचढ, ताटात वांगे, आठ-दहा ग्रॅम विरुद्ध चारच्या आत.

वांग्याच्या जांभळ्या सालीतल्या अँथोसायनिनचे गुणगान आपण इथे करू नये. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले जळगावचे भरीत वांगे मुळात हिरवे, आणि भाजल्यावर त्याची साल आपण टाकूनच देतो. उष्मांकांचेही तसेच. पाव किलो वांग्यात साठ-एक किलोकॅलरी असतात. वरून घातलेले दोन चमचे तेल त्यात नव्वदची भर घालते. मधुमेही रुग्णाला भरीत बंद करायला सांगण्याआधी तेलाची धार मोजावी.

भरीत एकटे येत नाही, हेही तक्ता सांगत नाही. सोबत कळण्याची भाकरी असते. ज्वारी आणि सालासकट उडीद एकत्र दळल्याने तिच्यात प्रथिने आणि लोह दोन्ही वाढतात. शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आपापला वाटा देतात. वनस्पतिजन्य लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व हवे, म्हणून वरून लिंबू पिळायला सांगा आणि जेवणावरचा चहा तासभर पुढे ढकलायला सांगा. मेथीच्या भाजीलाही हाच नियम, कारण तिच्यातले क जीवनसत्त्व शिजताना बरेच उडून जाते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्यांना भरीत सोडायला सांगून काही साधणार नाही, आणि नुसत्या मेथीने २९ मिलिग्रॅमही भरणार नाहीत. वांग्याच्या रस्स्यात मूठभर मेथी, भरिताच्या दिवशी दुसऱ्या वेळेला पालेभाजी, एवढा बदल घरात टिकतो.

म्हणून चोवीस तासांच्या आहारनोंदीत भाजीच्या नावापुढे तीन रकाने वाढवा: किती खाल्ली, तेल किती, सोबत काय होते. सल्ला त्या रकान्यांवरून द्या.