डाव कुणाचा, स्वभाव कुणाचा?

पलूसच्या तालमीत जाणारा माझा भाचा रात्री ‘नारुतो’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका बघतो. तिचा नायक नारुतो स्वतःचीच अनेक रूपं उभी करून लढतो, त्याचा प्रतिस्पर्धी सासुके एकटाच विजेसारखा घुसतो. एकाला सोबत हवी, दुसऱ्याला कुणीच नको. स्वभावच डाव ठरवतो, असं भाचा म्हणतो. मला ते अर्धंच पटतं.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव घ्या. अंगानं लहान, पण चपळ. हुकमी डाव ढाक. ढाक मारायची तर जोडीदाराला पुरतं भिडावं लागतं, कचरणाऱ्याचं ते काम नव्हे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशीशी पडली. इशी मुळात ज्युदोचे. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, म्हणून ते कुस्तीकडे वळले. म्हणजे त्यांची शैली स्वभावाइतकीच काळानंही घडवलेली. आपले खाशाबाही लाल मातीतून गादीवर गेलेले. १९४८ ला लंडनमध्ये सहावे, हेलसिंकीत कांस्य. सुवर्ण इशींनी नेलं.

मातीनं, वस्तादानं दिलेलं आणि पोराचं स्वतःचं, दोन्ही जुळलं की डाव अंगी बसतो. म्हणूनच सगळ्या पोरांकडून पट हा एकच डाव घोटून घेतलेला पाहिला की मला सलतं. चिडक्या पोराला एक डाव शोभतो, थंड डोक्याच्या पोराला दुसरा. माझा भाचा सावध आहे, समोरच्याची चूक हेरणारा. त्याला आधी प्रतिडाव शिकवा, असं मी त्याच्या वस्तादांना सांगणार आहे.