लेकराच्या ताटापाशी बाटली कुणी ठेवली?

बीड जिल्ह्यातील आईवडील, शिक्षक आणि हॉटेलचालक यांच्यासाठी जाहीर पत्रक



मागच्या उन्हाळ्यात धुळे–सोलापूर महामार्गावरच्या एका हॉटेलात पाहिलेलं सांगतो. शेजारच्या टेबलावर नवरा-बायको, म्हातारी आणि पाच-सहा वर्षांचं लेकरू. लेकरानं पाणी मागितलं. टेबलावरच्या जगमधल्या पाण्यावर तवंग होता. आईनं ग्लास नाकाशी नेला आणि बाजूला सारला. वेटर म्हणाला, "पाण्याची बाटली वीसची, थंडा दहाचा. काय आणू?" बापानं खिसा चाचपला. "थंडाच आण." म्हातारीनं बाटली पदरानं पुसून लेकराच्या हातात दिली.

यात बापाचं काय चुकलं? जिथं पाणी वीसला आणि साखर दहाला, तिथं गरिबाचा हात साखरेकडंच जाणार. ही मांडणी बदला, एवढंच सांगायला हे पत्रक काढलं आहे.

बाटलीचा हिशेब

साध्या कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत २१ ग्रॅम, चहाचे पाच चमचे. घरी कपभर चहात कुणी पाच चमचे साखर टाकली तर सासू-सून दोघी ओरडतील. सहा वर्षांच्या लेकराला दिवसाला साधारण १,३५० कॅलरी लागतात. वरून घातलेली साखर त्याच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहा टक्के म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, पाच टक्के म्हणजे १७. एका बाटलीनं पाचची वेस ओलांडली, आणि अजून सकाळचा चहा-बिस्किट, शेजारच्या बारशाचे पेढे धरलेलेच नाहीत. दात किडतात, भूक मरते, वजन वाढतं. आजोबांना होणारी शुगर नातवाच्या उंबऱ्यावर येऊन बसते.

आता दुसरा हिशेब, जो बीड जिल्ह्याखेरीज कुणाला इतका झोंबणार नाही. टनभर उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. त्या बाटलीमागं दोनशे ग्रॅम ऊस आहे. तो कुणी तोडला? दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन इथूनच कोयते निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. लेकरं पाचटाच्या कोपीत वाढतात, शाळा सहा महिने बुडते. बापानं तोडलेल्या, आईनं डोक्यावर मोळीनं वाहिलेल्या उसाची साखर बाटलीत बंद होऊन परत येते आणि त्याच लेकराच्या दातांवर, पोटावर बसते. मजुरी एकदा मिळाली, किंमत दोनदा मोजली.

कायदा कुठं आहे? फाटकाशी थांबलाय

सरकारला हे कळत नाही असं नाही. मे २०१७ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शाळेच्या उपाहारगृहांतून जंक फूड आणि शीतपेयं हद्दपार करण्याचा आदेश काढला. केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं २०२० मध्ये नियम केला: जादा साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितलं, की शाळांपासून ५०० मीटरच्या आत कॅफिनवाल्या एनर्जी ड्रिंकची विक्री बंद करू. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर मेडिकलवरच्या गोड पेयांना 'ओआरएस' म्हणवून घ्यायला केंद्रानं मनाई केली. मनात आणलं तर एका आदेशानं होतं, ते असं.

पण ५० मीटर म्हणजे किती? फाटकापासून सत्तर पावलं टाका. वाटेत लागणाऱ्या दुकानाची पाटी बघा, कोणत्या कंपनीनं रंगवून दिली आहे. आतला फ्रीज कुणाचा, तेही बघा.

आणि हॉटेल? तिथं तर रेघच नाही. दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांनी मेनूवर कॅलरी लिहाव्यात असा नियम आहे. आपल्या गेवराईच्या, केजच्या, मांजरसुंब्याच्या हॉटेलाला त्याचं काही देणंघेणं नाही. पिझ्झा-बर्गरच्या कॉम्बोत लेकराला बाटली 'फुकट' मिळते आणि त्यावर कुणाचं बंधन नाही.

आम्ही बंदी मागत नाही

बंदीचं फळ आपण चाखलं आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे, दरवर्षी आदेश नव्यानं निघतो, आणि पुडी कुठं मिळते हे सातवीतल्या पोरालाही ठाऊक आहे. तसली बंदी हप्त्याचा दर तेवढा वाढवते.

आम्हाला साधी गोष्ट हवी. लेकराच्या जेवणाबरोबर गोड पेय आपोआप येऊ नये. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात २०१९ पासून हाच कायदा आहे: मुलांच्या जेवणासोबत पाणी किंवा साधं दूध, पालकानं मागितलं तर शीतपेय मिळतं. कुणाचं स्वातंत्र्य गेलं नाही.

म्हणाल, "वर्षातून एकदा प्यायलं तर काय बिघडलं?" काही नाही. पण लग्नसराई मोजा, जत्रा मोजा, आठवडी बाजार मोजा. म्हणाल, "पोराला काय द्यायचं ते आम्ही बघू, सरकार कोण?" बघाच! म्हणून तर म्हणतो, निवड तुमच्या तोंडून होऊ द्या, कंपनीच्या फ्रीजमधून नको. म्हणाल, "मग रसवंतीचं काय?" तीही साखरच, उसाच्या जिल्ह्यात राहून खोटं बोलणार नाही. आणि हॉटेलवाल्या दादांनो, ताकाला गिऱ्हाईक आहे. दूध आपल्याच गावचं, नफा तुमच्याच गल्ल्यात.

आमच्या मागण्या

१. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या थाळी-कॉम्बोसोबत पाणी, ताक किंवा बिनसाखरेचं दूधच द्यावं. गोड पेय मागितलं तरच, वेगळ्या पैशांत. राज्यानं असा नियम करावा, केंद्राकडं आग्रह धरावा.

२. प्रत्येक हॉटेलात स्वच्छ, गार पाणी फुकट. टँकरच्या जिल्ह्यात हे अवघड आहे, म्हणूनच ते तपासायला हवं.

३. प्रत्येक शाळेबाहेर ५० मीटरची रेघ कबड्डीच्या मैदानासारखी फक्की मारून आखावी. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या.

४. अन्न व औषध प्रशासनानं जिल्ह्यात या नियमांखाली किती तपासण्या केल्या, ते तालुकावार जाहीर करावं.

नियम होईल तेव्हा होईल. तोवर हॉटेलात बसलात की आधी पाणी मागा. घाण असेल तर तोंडावर सांगा आणि उठा. चार टेबलं उठली की जग घासला जातो.

त्या लेकरानं पाणीच मागितलं होतं.

आपले,
बीड जिल्ह्यातील काही पालक आणि शिक्षक

(पत्रक वाचून झाल्यावर फेकू नका, पुढच्याला द्या.)